पाडण्याआधी वर चढून बघा

श्रोतेहो, नमस्कार. घरं बांधणं आणि जुनी घरं नीट करून देणं हा माझा धंदा. लातूर, औसा, निलंगा, उमरगा हा माझा मुलूख, आणि या कामात आता तीस वर्षं झाली. ऐकणाऱ्यांत बारावी झालेली मुलं-मुली असतील, स्थापत्यचा डिप्लोमा घेऊन घरी बसलेले असतील, गवंड्याच्या हाताखाली जाणारेही असतील. तुम्हा सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगायला आलोय. पाडण्याआधी वर चढून बघा. कुणी घर पाडायला बोलावलं, तर आधी त्याच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, चढून बघा.

मी या कामात आलो तो भूकंपानंतर. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, गावंच्या गावं बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 52 गावं नव्या जागी वसवली गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं उभी होती, तडकलेली होती, आणि ती आहेत तिथंच दुरुस्त करायची, बळकट करायची, असा सरकारचा मोठा कार्यक्रम निघाला. गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या होत्या. घरमालकाला काय करायचं आणि का करायचं, ते त्या बायका समजावून सांगायच्या. माझा डिप्लोमा नुकताच झाला होता. मी त्या कामावर देखरेखीला लागलो आणि पुढं हेच माझं आयुष्य झालं.

आता मी तुम्हाला 2011 सालची एक गोष्ट सांगतो. औसा तालुक्यातलं गाव. दोन भाऊ, थोरला शाळेत शिक्षक, धाकटा पुण्याला कंपनीत. घरात लग्न निघालेलं. जुनं माळवद पाडायचं आणि तिथं स्लॅबचं घर उठवायचं, म्हणून मला बोलावलं. जेसीबी सांगून ठेवला होता. सोमवारी पाडायचं, मी शनिवारी मोजमापाला गेलो.

ओसरीवर त्यांची आजी बसलेली. वय ऐंशीच्या पुढं. मी टेप काढला तशी म्हणाली, "लेकरा, खालूनच मापं घेतूस व्हय? वर जाऊन ये की."

मी म्हटलं, "आजी, पाडायचंच आहे, वर जाऊन काय करू?"

ती म्हणाली, "डाक्टर बी मुडद्याची नाडी बघतूया. तू तर जितं घर पाडायलास."

मी शिडी लावून वर गेलो. माळवद म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. खांब, तुळया, वर किलचान, म्हणजे बारीक लाकडी फळ्या, त्यावर माती. दर वर्षी मृगाच्या आधी पांढरीची नवी माती टाकायची, चोपायची, म्हणजे गळत नाही. आजीच्या सासूनं टाकली, सासूच्या सासूनं टाकली, आजीनं पन्नास वर्षं टाकली. जुनी कुणी काढली नाही. मी कडेला पहारीनं उकरलं आणि टेप आत सोडला. अडीच फूट!

श्रोतेहो, हिशेब ऐका. एक घनफूट माती सुकी असली तरी चाळीस-पंचेचाळीस किलो भरते. दहा बाय पंधराची एक खोली, तिच्यावर अडीच फूट माती, म्हणजे एका खोलीच्या डोक्यावर पंधरा-सोळा टन. परत सांगतो, एका खोलीवर पंधरा-सोळा टन. पावसात भिजली की आणखी जास्त. आणि हे सगळं ओझं शंभर वर्षं सागाच्या खांबांनी पेललं होतं.

खाली आलो. आजी मला हाताला धरून मधल्या खणात घेऊन गेली. एका खांबाला तिनं हात लावला. त्या ठिकाणी लाकूड हातानं गुळगुळीत झालं होतं. म्हणाली, "भूकंपाच्या रात्री भिंत भाईर गेली बघ, ह्या अंगाची. खांब हुबेच. आमी चौघं ह्याच्या बुडाला बसलो हुतो दिस उगवूस्तोर. हे माझं धा लेकरांवानी हाय. तोडायचं तर मी मेल्यावर तोडा."

मग मी दोन्ही भावांना ओसरीवर बसवलं आणि सांगितलं, जेसीबीवाल्याला फोन करा, येऊ नको म्हणा. धाकट्याला पटेना. त्याचं म्हणणं असं की मित्र घरी येतात, मातीचं घर बघतात. मी त्याला कागदावर आकडे काढून दाखवले. साग जुना, कीड नाही, आजच्या बाजारात असलं लाकूड नव्यानं घ्यायचं तर अर्ध्या घराचे पैसे जातील. दगड घडवलेला जागेवर पडलाय. फक्त माती उतरवायची आणि भिंत शिवायची. त्यानं दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला.

माती उतरवायला अकरा दिवस लागले. खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरला आणि त्यावर फक्त आठ इंच माती परत टाकली. म्हणजे ओझं गेलं, गळती गेली, आणि गारवा राहिला. उरलेली माती त्यांच्याच शेतात गेली.

मग भिंतीला हात घातला, आणि तिथं माझा अंदाज चुकला. उगवतीच्या भिंतीला थोडं पोट आलं होतं. मी पहिल्या दिवशी ठोकून बघितली आणि चालेल म्हणालो. भिंत शिवायला तिच्यात आरपार भोकं पाडायची असतात. पाचव्या भोकाला संध्याकाळी पाऊस आला आणि त्या भिंतीचा बाहेरचा पापुद्रा बारा फूट लांब खाली बसला. कुणाला खरचटलंही नाही, कारण मजूर पाऊस आला म्हणून आत आले होते. पण मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी गेलो तर आजी ओसरीवर. म्हणाली, "तवा बी असंच झालतं. वरचं कातडं गेलं, हाडं हायत."

आमच्या भागातली दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट रुंद असते, पण ती एक भिंत नसते. आतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा, मध्ये बारीक दगड आणि मातीची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. जमीन हलली की बाहेरचा थर बाहेर, आतला आत, आणि माळवद मधोमध माणसांवर. किल्लारीला माणसं अशी गेली. नवी भिंत बांधताना दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फूट अंतरावर एक आरपार दगड टाकला, तर तीच दगडमाती टिकते. दोन फूट उंची, चार फूट अंतर. वहीत लिहून ठेवा. आणि जुन्या भिंतीत आरपार दगड कुठून आणणार? तर हळूच एकेक दगड काढून आरपार भोक करायचं, त्यात सळईचा आकडा घालायचा, दोन्ही टोकांना वाकवलेला, आणि भोक काँक्रीटनं भरून टाकायचं. पहारीनं उकरायचं, घण मारायचा नाही. मी माझ्या खर्चानं ती भिंत त्याच दगडांनी परत उभी केली, या वेळी आरपार दगड घालून. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके धीरे, म्हणजे आधाराची लाकडं, मारले. साणं, म्हणजे माळवदातलं उजेडाचं भोक, होतं तसंच ठेवलं, त्यावर फक्त काच बसवली, कारण उन्हाचा कवडसा जात्यापर्यंत आला की भाकरी टाकायची, हे आजीचं घड्याळ होतं. लग्न त्याच घरात झालं. मे महिना होता. पुण्याचे पाहुणे शेजारच्या स्लॅबच्या घरात उतरले होते आणि दुपारी सगळे उशा घेऊन माळवदाखाली झोपायला आले.

मघाशी ओसरी म्हणालो, त्यावरून एक बोलतो. हल्ली माझ्याकडे जे नकाशे येतात त्यात हॉल असतो, किचन असतं, पार्किंग असतं, ओसरी नसते. वाटेनं जाणारा माणूस दोन मिनिटं टेकेल अशी जागाच कुणी मागत नाही. पार्किंगसाठी दारातला लिंब तोडतात आणि मग एसी घेतात. मला याचं फार वाईट वाटतं. मी प्रत्येक नकाशात निदान चार फुटांचा ओटा घालायला लावतो. आणि कामावरच्या माणसांना चहा घरातल्या कपात द्या, वेगळे कप ठेवू नका. मी हे प्रत्येक घरमालकाला पहिल्या दिवशी सांगतो.

असो, विषय धंद्याचा आहे. आयटीआयला गवंडीकामाचा कोर्स आहे, आरेखक स्थापत्यचा दोन वर्षांचा आहे, पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. यातलं कुठलंही चालेल, पण त्याच्यासोबत एक वर्ष ओळंबा आणि थापी स्वतःच्या हातात धरा. ज्यानं गिलावा केला नाही त्याला गिलाव्याची मोजणी कळत नाही. नव्या घरांच्या कामात शंभर ठेकेदार आहेत, सगळे स्क्वेअर फुटाच्या भावावर भांडतात. जुनं घर न पाडता नीट करून देणारा तालुक्यात एखादाच. तिथं जागा आहे.

आणि पर्यावरणाचं म्हणाल तर मोठे शब्द नकोत. एक टन सिमेंट तयार होताना साधारण पाऊण टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चुनखडी भाजली की तो वायू दगडातूनच सुटतो. म्हणून जी भिंत उभी आहे ती उभी ठेवली, की तेवढं सिमेंट लागतच नाही. ज्यांचं घर स्लॅबचं आहे त्यांनी फेब्रुवारीत गच्चीवर पांढरा चुना मारावा, मावळतीच्या भिंतीला सावली करावी. आणि पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण विसरलो नाही. हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर त्र्याण्णव लिटर पाणी होतं. सातशे मिलिमीटर पडला तर पासष्ट हजार लिटर. त्यातलं काही उडतं, काही पहिल्या पावसात गच्ची धुवायला जातं, तरी पन्नास हजार लिटर हाती राहतं. गच्चीचा पाइप बोअरकडं वळवायला, मध्ये खडी-वाळूची गाळणी करायला एका गवंड्याचे दोन दिवस लागतात. नव्या मुलांनी हे काम आधी शिकावं, ते प्रत्येक गल्लीत मिळतं.

अजून एक सांगायचं राहिलं. त्या आजीच्या घरी पाट्या उचलायला एक बाई होती. आपल्याकडं बाई म्हणजे बिगारी. आयुष्यभर बिगारी, आणि मजुरीही गड्यापेक्षा कमी, ही आमच्या धंद्यातली मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट आहे. पडलेली भिंत परत बांधताना गवंडी दोन दिवस आला नाही, तेव्हा ती म्हणाली, दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, मी भरून बघू का? चुना तिनं असा भरला की रेघ न् रेघ सारखी. मी तिला त्या दिवसापासून गवंड्याची मजुरी दिली. आज तिची स्वतःची सहा बायकांची टोळी आहे, चुन्याचं काम करते. मला तिची तारीख हवी असली तर दोन महिने आधी सांगावं लागतं. परवाच एका वाड्यासाठी मी तिला फोन केला. तिनं पहिलं विचारलं, "सायेब, माळवदावर चढून बघितलाव का?"

नमस्कार.