वादळात अडकलात, तर दिवस कशावर मोजायचे?

नमस्कार मंडळी! समजा, तुम्ही ७,००० मीटरवर तंबूत आडवे पडलाय. काल रात्रीपासून जागचे हललेला नाहीत. सहज मनगटावरचं घड्याळ बघता, तर ते म्हणतंय, तुम्ही ६० मीटर वर चढलात!

घड्याळ बिघडलेलं नाही. ते हवेच्या दाबावरून उंची काढतं. दाब उतरला की त्याला वाटतं, मालक वर निघाला. न चढता उंची वाढायला लागली, की ओळखायचं, हवा फिरतेय.

मग वादळ येतं. आणि खाली बसलेल्या आपल्याला वाटतं, चला, दोन दिवस आराम. छे! साडेपाच हजार मीटरवरच हवेचा दाब निम्मा झालेला असतो. झोप लागते न लागते तोच श्वास थांबतो, आणि माणूस दचकून उठतो. भूक मेलेली. नुसतं पडून राहूनही शरीर झिजत असतं. थांबण्याचीही किंमत आहे, आणि ती रोज चढते.

आता मला सांगा, अडकल्यावर दिवस कशावर मोजाल? जेवणावर? नाही. गॅसवर.

कारण वर पाणी नसतं, बर्फ असतो. भुसभुशीत ताजा बर्फ भांडंभर दाबून भरा, वितळल्यावर तळाला घोटभर पाणी. तेही आधी भांड्यात थोडं पाणी ठेवलं असेल तर ठीक, नाहीतर भांडं करपतं. हो, बर्फ घालून भांडं करपतं! २३० ग्रॅमच्या गॅसच्या डब्यात, वारा लागला नाही तर, साधारण ८ ते १० लिटर पाणी होतं. माणशी रोज ३-४ लिटर लागतं. दोघं असाल तर जवळपास रोज एक डबा. डबे चार असले, तर तुमच्याकडे चार दिवस आहेत. सुकामेवा कितीही असू दे.

डबा गारठला की ज्योत मरगळते, म्हणून तो रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, बुटांच्या आतल्या मोज्यांशेजारी. पाण्याची बाटलीही तिथेच. लघवीची बाटलीसुद्धा. अंधारात कुठली कुठली ते ओळखायला एकीवर चिकटपट्टी गुंडाळून ठेवतात. हसू नका, फार कामाची गोष्ट आहे.

स्टोव्ह तंबूत पेटवावा लागतो, आणि इथे खरा घात होतो. बाहेर बर्फ साचून तंबूच्या हवेसाठी ठेवलेल्या झडपा बुजलेल्या असतात, आत कार्बन मोनॉक्साइड कोंडतो. त्याला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं. वाटतं, उंचीचा त्रास आहे. म्हणून कितीही गारठा असो, झडप उघडीच. आणि दर दोन-तीन तासांनी एकाने बाहेर जाऊन फावड्याने तंबू मोकळा करायचा. कुणाची पाळी, यावरून जितकी भांडणं होतात तितकी बाकी कशावरून होत नसतील.

[स्क्रीनवर: के२, ऑगस्ट १९८६]

के२ वर, म्हणजे जगातल्या दुसऱ्या सर्वात उंच शिखरावर, ८,००० मीटरच्या आसपासच्या शेवटच्या कॅम्पात सात जण वादळात अडकले. इंधन संपलं, म्हणजे पाणी संपलं. १० ऑगस्टला जे चालू शकत होते ते उतरायला निघाले. सातातले जिवंत परतले फक्त दोन, कुर्ट डीमबर्गर आणि विली बाउअर.

त्याच डोंगरावर १९५३ मध्ये अमेरिकन तुकडी साधारण ७,७०० मीटरवर आठवडाभर अडकली होती. वाऱ्याने तंबू इतके फडफडत की स्टोव्ह पेटवणंही मुश्कील. आर्ट गिल्की उठून उभा राहायला गेला आणि कोसळला. तुकडीचे प्रमुख चार्ल्स ह्यूस्टन डॉक्टरच होते. पायात रक्ताची गुठळी झाल्याचं त्यांनी ओळखलं. विरळ हवेत रक्त दाट होतं, पाणी कमी पडलं की आणखी दाट, त्यात दिवसच्या दिवस पडून राहणं. म्हणून तंबूत पडल्यापडल्या घोटे फिरवा, पोटऱ्या आवळा-सोडा. कंटाळा येईल, येऊ द्या.

गिल्कीला खाली आणताना एक जण घसरला, दोर एकमेकांत अडकले, आणि पीट शोनिंगने खडकामागे रोवलेल्या एका आइस-ॲक्सवर (बर्फात रोवायची कुऱ्हाड) सगळ्यांना तोलून धरलं. त्यानंतर थोड्याच वेळात गिल्की मात्र बर्फाच्या उतारावरून नाहीसा झाला.

आता शेवटचा भाग. वारा थांबतो, आकाश निळंशार होतं, पाय शिवशिवतात. नेमकं तेव्हाच उतारांवर ताजा बर्फ रचलेला असतो. पहिले २४ तास हिमस्खलनाचा धोका फार मोठा. मग निघायचं की थांबायचं? पुन्हा डबे मोजा. एक डबा उरला असेल, तर एक दिवस थांबून बर्फ बसू देता येतो. काहीच उरलं नसेल, तर निवड करायला तुम्ही मोकळे नसता. मला विचाराल तर १९८६ ची खरी गोष्ट तीच आहे.

आणि हो, घड्याळाकडे लक्ष असू द्या. तुम्ही तंबूतच असाल, पण आता ते सांगत असेल, ४० मीटर खाली उतरलात.