ग्रॅफर्डचे पशुवैद्य आणि गावची शाळा

मंडळी, ‘कन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दाला आपण मराठीत ‘पुराणमतवादी’ म्हणतो, आणि तिथंच निम्मा माणूस आपल्या हातून निसटतो. पुराणमतवादी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो नव्याला नाक मुरडणारा माणूस. पण मूळ शब्दात जतन करणं आहे. काय जतन करायचं, हा पुढचा प्रश्न, आणि आज मला त्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांची पुष्कळ मतं मला पटत नाहीत, हे आधीच सांगतो. तरीही त्यांची गोष्ट नीट सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

त्यांचं नाव ग्लेन रॉजर्स. टेक्सस राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे माजी सदस्य, आपल्या भाषेत आमदार. पक्ष रिपब्लिकन. व्यवसायानं पशुवैद्य, शिवाय गुरं पाळणारे, म्हणजे तिकडच्या शब्दात रँचर. गाव ग्रॅफर्ड, हजाराच्या आतली वस्ती, काउंटी (साधारण आपला जिल्हा) पॅलो पिंटो. तुमच्यापैकी कुणाची मुलं डॅलसजवळ फ्रिस्को किंवा प्लेनोला असतील, तर तिथून पश्चिमेला मोटारीनं दोनेक तास गेलं की हा मुलूख लागतो. उंचसखल टेकड्या, खुरटी झाडं, ब्रॅझोस नदी आणि तारेच्या कुंपणांमागं गुरं. चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग हे दोघं याच भागातले. 1866 साली त्यांनी गुरांचा कळप घेऊन न्यू मेक्सिकोची वाट धरली आणि ती वाट त्यांच्या नावानं इतिहासात गेली. तिथली माणसं हे काल घडल्यासारखं सांगतात.

टेक्ससचा आमदार ही आपल्याकडच्यापेक्षा फार वेगळी गोष्ट आहे. विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम सालच्या जानेवारीत भरतं आणि जास्तीत जास्त 140 दिवस चालतं. पगार महिन्याला 600 डॉलर, अधिवेशन चालू असताना रोजचा भत्ता वेगळा. हा पगार 1975 पासून बदललेला नाही, कारण तो राज्यघटनेतच लिहिलेला आहे. एवढ्यावर कुणाचं घर चालत नाही. म्हणून तिथं येणारा माणूस एकतर वकील असतो, व्यापारी असतो, निवृत्त असतो, नाहीतर रॉजर्स यांच्यासारखा, ज्याची गुरं अधिवेशनाच्या काळात दुसऱ्या कुणाला तरी सांभाळावी लागतात. या रचनेचा एक फायदा मला दिसतो. कायदा करून माणूस परत त्याच गावात राहायला जातो. ज्यांच्या गुरांना त्यानं औषध दिलेलं असतं, त्यांनाच तोंड दाखवायचं असतं.

रॉजर्स 2020 साली निवडून आले. पक्षांतर्गत निवडणुकीतला प्रतिस्पर्धी होता फॅरिस विल्क्स यांचा जावई. विल्क्स हे सिस्को गावचे, तेलविहिरींच्या फ्रॅकिंगच्या, म्हणजे खडक फोडून तेल काढण्याच्या, धंद्यातून अब्जाधीश झालेले. पक्षांतर्गत पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत मिळालं नाही तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं, त्या फेरनिवडणुकीत राज्यपाल ग्रेग अ‍ॅबट यांनी रॉजर्स यांना पाठिंबा दिला होता. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. 2022 साली माइक ऑलकॉट यांच्याविरुद्धच्या फेरनिवडणुकीत ते सुमारे तीनशे मतांनी तरले.

आता त्यांची मतं. गर्भात हृदयाचे ठोके आढळल्यावर गर्भपाताला बंदी घालणारा 2021 चा कायदा, त्यांनी बाजूनं मत दिलं. परवान्याविना हँडगन बाळगण्याची मुभा, बाजूनं. सीमेवर कडक बंदोबस्त, बाजूनं. रिपब्लिकन मतदाराला आणखी काय हवं असतं? मोजपट्टी लावली तर माणूस पुरा उजवा. पण दोन ठिकाणी ते पक्षातल्या बलवानांच्या वाटेतून हटले नाहीत. पहिलं ठिकाण म्हणजे राज्याचे महान्यायवादी केन पॅक्स्टन यांच्यावरचा महाभियोग. 27 मे 2023 ला प्रतिनिधिगृहानं तो 121 विरुद्ध 23 मतांनी मंजूर केला, त्यात रॉजर्स यांचं मत होतं. सिनेटनं सप्टेंबरात पॅक्स्टन यांना निर्दोष ठरवलं, आणि महाभियोगाच्या बाजूनं हात वर करणाऱ्या स्वपक्षीयांची यादी पॅक्स्टन यांच्या हातात राहिली.

दुसरं ठिकाण शाळा. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

प्रस्ताव असा होता की सरकारनं पालकांच्या नावानं खातं उघडावं, त्यात वर्षाला काही हजार डॉलर घालावेत, आणि पालकांनी त्यातून खासगी शाळेची फी भरावी. लोक त्याला ‘व्हाउचर’ म्हणतात, समर्थक ‘स्कूल चॉइस’ म्हणतात. समर्थकांची बाजू हलकी नाही. वाईट सरकारी शाळेच्या हद्दीत राहणाऱ्या गरीब घरातल्या मुलानं दुसरीकडे जायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. आपल्या मुलाला काय शिकवलं जातं यावर आईबापांचा अधिकार असावा, हेही म्हणणं मन लावून ऐकण्याजोगं आहे. डॅलसमध्ये किंवा ह्यूस्टनमध्ये बसून हे वाचलं तर पटून जातं, कारण तिथं रस्त्याच्या पलीकडे दुसरी शाळा असते.

ग्रॅफर्डला ती नसते. पॅलो पिंटो काउंटीतच स्ट्रॉन आणि गॉर्डन ही दोन गावं आहेत, दोन्ही हजाराच्या आतली. हायस्कूलची मुलं इतकी कमी की अकरा जणांचा फुटबॉल संघ उभा राहत नाही, म्हणून ती सहा जणांचं फुटबॉल खेळतात. ‘सिक्स-मॅन’ म्हणतात त्याला. या दोन्ही चिमुकल्या गावांनी त्यात राज्याची विजेतेपदं मिळवली आहेत. शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव मैदानावर असतं. अशा गावात शाळा ही बहुधा सगळ्यात मोठी नोकरी देणारी संस्था असते. मास्तर, स्वयंपाकघरातल्या बाया, बसचे ड्रायव्हर, सगळे तिथलेच. वादळ आलं तर आसरा शाळेत. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत आणि देवळाचं पटांगण मिळून जे होतं, ते तिथं एका इमारतीत होतं.

आणि टेक्ससमध्ये शाळेला राज्याचा पैसा मिळतो तो रोजच्या सरासरी हजेरीवर. शंभरातली दहा मुलं कमी झाली तर दहा मुलांचा पैसा जातो. बस मात्र तेवढीच मैलं धावते, छप्पर तेवढंच राहतं, गणिताचा शिक्षक एकच असतो आणि त्याचा दशांश कापता येत नाही. ग्रामीण आमदारांच्या विरोधाचं मूळ या साध्या हिशेबात होतं. आपल्या करदात्यांचा पैसा लांबच्या शहरातल्या खासगी शाळेला जाणार आणि आपल्या गावाला त्याबदल्यात पर्यायही मिळणार नाही. यात डावं-उजवं कुठून आणायचं?

हा विरोध रॉजर्स यांच्यापासून सुरू झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर टेक्ससच्या शाळांची दशा वाईट होती. साडेचार हजारांच्या आसपास शालेय जिल्हे, म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक मंडळं, बरेचसे कंगाल. 1949 साली जे कायदे झाले त्यांना दोन आमदारांची नावं आहेत, गिल्मर आणि ऐकिन. क्लॉड गिल्मर रॉकस्प्रिंग्जचे, म्हणजे अंगोरा शेळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डोंगराळ गावचे. ए. एम. ऐकिन हे ईशान्येच्या लॅमार काउंटीतल्या पॅरिस गावचे. 1933 ते 1979 अशी 46 वर्षं ते विधिमंडळात होते. दोघंही ग्रामीण, दोघंही डेमोक्रॅट, कारण त्या काळात टेक्ससचा परंपरावादी माणूस त्याच पक्षात असे. त्यांनी प्रत्येक मुलाला बारा वर्षांचं शिक्षण आणि वर्षाला किमान 175 दिवस शाळा यांची हमी दिली, शिक्षकांच्या पगाराला राज्याचा टेकू दिला, आणि जिल्हे 2,900 वर आणले. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा तेव्हा वेगळ्याच होत्या आणि या कायद्यानं त्या एक केल्या नाहीत, हेही सांगायलाच हवं. पण गावच्या शाळेमागं राज्य उभं राहतं ही रीत इथून पक्की झाली. पुढं पक्ष बदलले, तीच गावं रिपब्लिकन झाली, रीत मात्र टिकली. व्हाउचरचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात वर्षानुवर्षं अडत राहिला तो मुख्यतः ग्रामीण रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांच्या जोडीमुळं.

2023 साली राज्याच्या तिजोरीत 32 अब्ज डॉलरहून जास्त शिल्लक होती. शाळांना वाढीव पैसा देणं सहज शक्य होतं. राज्यपालांनी तो व्हाउचरशी बांधला. एक विशेष अधिवेशन, दुसरं, तिसरं, चौथं. 17 नोव्हेंबरला जॉन रेनी या रिपब्लिकन आमदारानं विधेयकातून व्हाउचरचा भाग काढून टाकण्याची दुरुस्ती मांडली आणि ती 84 विरुद्ध 63 मतांनी मंजूर झाली. 21 रिपब्लिकन तिच्या बाजूनं होते, रॉजर्स त्यांतले एक. विधेयक तिथंच बारगळलं. त्याबरोबर शाळांसाठीचे अब्जावधी डॉलरही अडकले, म्हणजे विरोध करणाऱ्यांनी आपल्याच शाळांचा नजीकचा फायदा सोडला. मला हा त्यांच्या भूमिकेतला सगळ्यात अवघड भाग वाटतो, आणि सगळ्यात धीराचाही.

पुढं जे झालं ते पैशाचं राजकारण होतं. पेनसिल्व्हेनियाचे गुंतवणूकदार जेफ यास यांनी राज्यपालांच्या निवडणूक निधीला एका खेपेत 60 लाख डॉलर दिले. अ‍ॅबट यांनी स्वतःच्या पक्षाच्या आमदारांविरुद्ध प्रचार केला. प्रचारातला भर पुष्कळदा शाळेवर नव्हताच, सीमेवर होता. हे आमदार सीमेबाबत मऊ आहेत, असं मतदारांना सांगितलं गेलं. टेक्ससच्या ग्रामीण भागात खरी निवडणूक मार्चमधली पक्षांतर्गतच असते, नोव्हेंबर हा उपचार. शिवाय 2021 च्या फेररचनेनंतर रॉजर्स यांच्या मतदारसंघात फोर्ट वर्थच्या उपनगरांकडे झुकलेली पार्कर काउंटी मोठ्या प्रमाणात आली होती. जुन्या मतदारसंघातल्या आठ काउंट्यांपैकी बऱ्याचशा गेल्या. प्रत्येक आमदारामागं दोन लाखांच्या जवळपास माणसं असलीच पाहिजेत म्हटल्यावर रित्या होत जाणाऱ्या गावांना उपनगरं जोडावीच लागतात, आणि मग मतं कुठली मोजली जाणार हे उघड आहे.

5 मार्च 2024 ला ऑलकॉट यांनी रॉजर्स यांचा मोठ्या फरकानं पराभव केला. 2020 साली पाठीशी असलेले राज्यपाल या वेळी समोर होते, पॅक्स्टनही. हरल्यावर रॉजर्स यांनी वेदरफर्डच्या वृत्तपत्रात लेख लिहिला आणि मूठभर अब्जाधीशांनी सरकार विकत घेतलं आहे, त्यांना सार्वजनिक शाळा मोडायच्या आहेत, असा थेट आरोप केला. भाषा कडवट होती. त्या पक्षात राहून ती लिहायला काय लागतं, ते मी तुमच्यावर सोडतो. मार्चची निवडणूक आणि मेमधली फेरनिवडणूक मिळून त्या 21 पैकी नऊ जण हरले. त्यांत क्लिबर्नचे डिवेन बर्न्स होते, ज्यांनी शेती आणि पशुपालनाचा हक्क राज्यघटनेत घालणारी दुरुस्ती आणली होती. त्याच नोव्हेंबर 2023 मध्ये मतदारांनी ती भरघोस मतांनी स्वीकारली होती. शेतकऱ्याचा हक्क घटनेत नेणारा आमदार सहा महिन्यांत घरी गेला, तो शाळेच्या मुद्द्यावर.

एप्रिल 2025 मध्ये व्हाउचरचा कायदा प्रतिनिधिगृहात 86 विरुद्ध 61 मतांनी संमत झाला. राज्यपालांनी 3 मे रोजी सही केली. पहिल्या टप्प्यासाठी एक अब्ज डॉलर, खासगी शाळेतल्या मुलामागं साधारण दहा हजार. मतदानाआधी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प रिपब्लिकन आमदारांशी फोनवर बोलले होते.

विरोधात मत देणारे रिपब्लिकन दोनच उरले. एक माजी सभापती डेड फीलन. दुसरे गॅरी व्हॅनडिव्हर, पूर्वी शालेय जिल्ह्याचे प्रमुख राहिलेले. 2024 ची फेरनिवडणूक राज्यपालांच्या विरोधाला पुरून उरून ते जिंकले होते. त्यांचं गाव न्यू बॉस्टन. ऐकिन यांच्या लॅमार काउंटीतून निघून पूर्वेला एक काउंटी ओलांडली की पुढच्या काउंटीत ते लागतं.