हसू कानातनं येतंय, पैसा आवाजावर घाला

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या या बेळगाव जिल्ह्यात राहून कमी पैशात विनोदी सिनेमा करायचा असला तर कॅमेऱ्याचा विचार शेवटी करा आणि आवाजाचा सगळ्यात आधी. पोरं भेटली की पहिलं विचारतात, कॅमेरा कुठला घेऊ. आज बऱ्यापैकी मोबाईलवरसुद्धा दिवसाउजेडी चांगलं चित्र मिळतं. खरं माणूस काय बोलला तेच ऐकू आलं नाही तर हसणार कोण?

आणि आपल्याकडची सगळी गंमत बोलण्यातच आहे की. आपला म्हातारा "काय करूलालास?" म्हणून विचारतो, मध्येच कानडीत हिशोब करतो, परत मराठीत येऊन शिवी हासडतो, आणि हे सगळं एका दमात. हे नंतर डबिंगला सापडत नाही. तिथं कलाकार ओठ जुळवण्यात गुंतलेला असतो, आणि शेतात शूटिंग करताना तो शब्द टाकायच्या आधी जो अर्धा सेकंद थांबला होता, तो अर्धा सेकंद तिथं जातो. हसू त्यातच होतं. म्हणून मी हट्टानं सांगतोय, आवाज जागेवरच घ्या. आणि संवाद पुस्तकी मराठीत लिहून कलाकाराच्या तोंडात कोंबू नका, आपल्या लोकांना पहिल्या वाक्यालाच कळतं की हा आपल्यातला बोलत नाहीये.

एक रेकॉर्डर भाड्यानं घ्या, 24 बिट 48 किलोहर्ट्झवर ठेवा, दोन कॉलर माईक आणि काठीला बांधलेला एक बूम माईक, एवढ्यावर पिक्चर होतो. महागडा माईक दहा फुटांवर धरण्यापेक्षा साधा माईक दोन फुटांवर कधीही चांगला. कडक इस्त्रीचं धोतर, कोरी साडी कॉलर माईकवर नुसती खसखसते, म्हणून कपडे आधी धुऊन मऊ करून घ्या. जागा बघायला जाताना ज्या वेळेला शूटिंग करणार त्याच वेळेला जा आणि गप्प उभं राहून ऐका. पिठाची गिरणी कधी सुरू होते, लोंढा-मिरज लाईनची गाडी कधी जाते, देवळाचा स्पीकर कधी लागतो, गळीत हंगाम असला तर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून कुठल्या रस्त्यानं जातात, हे सगळं वहीत उतरवा आणि शेड्यूल त्यावरनं ठरवा. निघायच्या आधी सगळ्यांना गप्प करून एक मिनिटभर त्या जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करा, एडिटिंगला दोन वाक्यांच्या मध्ये तोच भरायचा असतो, नाहीतर प्रत्येक कटला आवाज तुटतो.

चित्राचं थोडक्यात सांगतो. सेकंदाला 24 फ्रेमवर शूट करत असाल तर शटर 1/50 सेकंदावर ठेवा, कारण आपली वीज 50 हर्ट्झची, नाहीतर घरातले ट्यूबलाईट आणि एलईडी फ्रेममध्ये लुकलुकतात. आणि विनोदात फ्रेम मोठी ठेवा. बोलणारा आणि ऐकणारा दोघं एकदम दिसले पाहिजेत, कारण बऱ्याचदा लोक बोलणाऱ्याला नाही, ऐकणाऱ्याच्या तोंडाला हसतात.

महिना कुठला? पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पत्र्याखाली एक वाक्य रेकॉर्ड होत नाही, आणि सुगीत कलाकारच शेतात असतात. भात घरात आलं की मग माणसं मोकळी होतात, शूटिंग तेव्हा धरा.

कलाकारांची काळजी करू नका, खरंच करू नका. मराठी संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, आपल्याच जिल्ह्यातले, 1843 चा जन्म. आजही जत्रेला गावोगावी नाटक उभं राहतं, शेतकरी, गवंडी, किराणा दुकानवाला रात्रभर काम करतात. त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज टाकायची सवय असते, ती सिनेमात कमी करावी लागते, तालमीत होते. अडचण वेगळीच आहे आणि कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. नाटकात हा माणूस समोरच्या हशावर चालतो. सेटवर टेक चालू असताना कुणी हसायचं नाही, मग त्याला वाटतं पडलं आपलं वाक्य, तो घाई करतो नाहीतर हातवारे वाढवतो. यावर उपाय, तालीम गावकऱ्यांसमोर करा, अगदी कट्ट्यावर. हशा कुठं येतो, तो किती वेळ थांबतो ते बघून ठेवा, आणि टेकच्या वेळी तेवढंच थांबायला सांगा.

कायद्याचं आधीच बघून घ्या. लोकांना दाखवायचा तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं. म्हैस, बैल कामाला घेणार असाल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते, नंतर धावपळ करून भागत नाही. म्हाताऱ्याच्या हातात बिडी दिली की पडद्यावर इशारा दाखवावा लागतो. निपाणी भागातली गोष्ट असली तर तंबाखू येणारच, तेव्हा कुठल्या सीनला ती खरोखर पाहिजे ते लिहितानाच ठरवा.

आता कानडी सबटायटलचं. हे आपल्याकडं पाहिजेच, कारण शेजारी बसलेला अर्धा गाव कानडी आहे आणि तो आपल्याबरोबर एकाच वेळी हसला पाहिजे. होतं काय, माणूस बोलायच्या आधीच पूर्ण वाक्य खाली लिहून येतं, कानडी वाचणारा आधी हसतो आणि त्या हशात मराठीवाल्याला शेवटचा शब्द ऐकू येत नाही. म्हणून हशाचा शब्द त्याच ओळीत ठेवू नका. ओळ तोडा, पहिला भाग आधी दाखवा, आणि शेवटचा शब्द कलाकाराच्या तोंडातनं बाहेर पडला की त्याच फ्रेमला खाली आणा. एडिटिंगवाला म्हणेल एवढं कशाला, तरी बसून करून घ्या, एकेक ओळ.