गोठली की गेली

वडोदरा. बुधवार, म्हणजे ममता दिवस, गुजरातेत आया-बाळांच्या लसीकरणाचा. अजून अंगणवाडी उघडायची आहे, पण आरोग्य केंद्रातल्या टेबलावर ४ आइसपॅकना घाम फुटलाय. सिस्टरबेन त्यातला एक कानाशी नेऊन हलवतात. आत पाणी डुचमळलं की मगच तो कॅरिअरमध्ये, म्हणजे लशी नेण्याच्या थंड डब्यात.

फ्रीझरमधून काढलेला टणक पॅक तसाच ठेवला, तर त्याला टेकलेली बाटली गोठते. पोलिओच्या थेंबांना गोठण्याचं भय नाही. धनुर्वाताच्या लशीला आहे. तिच्यातले ॲल्युमिनियम क्षाराचे कण गोठताना एकमेकांना चिकटतात आणि लशीचा जोर जातो. वितळल्यावर हलवली की पुन्हा दुधाळच दिसते, तिथेच फसायला होतं.

धनुर्वाताच्या लशीच्या या दोन बाटल्या एकाच बॅचच्या. डावीकडची मुद्दाम गोठवून वितळवलेली, उजवीकडची संशयातली. दोन्ही सारख्या हलवल्या, टेबलावर ठेवल्या. डावीकडे गाळ भराभर खाली, वर निवळ पाणी. उजवीकडे अजून दूधच. ही चालेल. (मेडिकलमधून आणलेली टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, घरी बर्फाच्या कप्प्यात ठेवणाऱ्यांनी हे पुन्हा एकदा पाहावं.)

दांडिया बाजारमागची अंगणवाडी. रांगेतलं गुजराती एका आजींपाशी येऊन मराठी होतं. नातू ६ आठवड्यांचा. डावी मांडी, मध्यावर, बाहेरच्या अंगाला, ०.५ मिली पेंटाव्हॅलंट: पाच रोगांवरची एकच लस, धनुर्वात त्यातलाच.

“गाठ आली तर शेकू का हो?”

“नाही आजी, चोळूही नका. आणि अर्धा तास इथेच बसा.”

पुढचे डोस १० आणि १४ आठवड्यांना. १६ ते २४ महिन्यांत त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, ५-६ वर्षांना दुसरा. इथवर कार्ड भरतं. १० आणि १६ वर्षांच्या टीडीचे रकाने राहून जातात. तोवर कार्ड माळ्यावर गेलेलं असतं.

धनुर्वात माणसाकडून येत नाही. बीजाणू मातीत, धुळीत, शेणात असतात. म्हणून शेजारच्या पोरांनी लस घेतली तरी आपल्या पोराला त्याचा आडोसा नाही, आणि एकदा होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नाही. झाला तर जबडा आवळतो, मग पाठ, मग श्वास.

दुपारी कॅरिअर परत केंद्रात. उघडलेल्या बाटलीवर तारीख, वेळ. लेबलवरचा, उष्णता लागली की गडद होणारा चौकोन भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल, तर ती २८ दिवसांपर्यंत चालते. आयएलआर, म्हणजे लशींचा फ्रीज, २ ते ८ अंशांवर. बाटल्या वरच्या टोपलीत, तळाशी नाही.