काठीची राजवाडी होळी

(दृश्य : मोलगीचा रस्ता, जीपांच्या टपावर बसलेली माणसं)

होळीच्या आधीचा आठवडे बाजार. नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यातले आदिवासी याला भोंगऱ्या म्हणतात. डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगण... होळीला लागणारा सगळा जिन्नस इथूनच पाड्यापाड्यांवर जातो. भोंगऱ्यात पोरं पोरींना पळवून नेतात, ही गोष्ट बाहेरच्यांनी इतकी रंगवली की बाजार मागेच पडला. या टोपल्यांमध्ये काय आहे ते नीट बघा. ही पूजेची खरेदी आहे.

(दृश्य : बुध्याची तयारी, जवळून)

हे बुध्या. अंगभर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुकवलेले भोपळे आणि घुंगरं. पाऊल पडलं की भोपळे एकमेकांवर आपटतात आणि त्यांचाच ताल धरला जातो. नक्षीचा एकेक ठिपका उमटवायचा, त्यात बराच वेळ जातो. या सजण्यामागे नवस असतो. नवसाच्या दिवसांत खाटेवर झोपायचं नाही, आंघोळ करायची नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. याला पालनी म्हणतात. पालनी न पाळता नुसता टोप घातला, म्हणून कुणी बुध्या होत नाही.

(दृश्य : होळीचा दांडा, रात्र)

अक्कलकुवा तालुक्यातलं काठी. जुन्या संस्थानाचं गाव, म्हणून ही राजवाडी होळी. इथली होळी १२४६ सालापासून पेटत आली, असं गावात सांगतात. दांडा म्हणजे जंगलातून निवडून आणलेला एकच लांबच लांब बांबू. त्यासाठीचा खड्डा हातांनी कोरायचा. कुदळ नाही, पहार नाही. माती मुठीमुठीने वर येते. मग सगळ्यांनी मिळून दांडा उभा करायचा.

रात्रभर ढोल. हे ढोल चांगलेच मोठे. गावागावांची पथकं फेर धरून नाचत राहतात.

ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीसाठी परत येतात. नर्मदाकाठची काही गावं मात्र सरदार सरोवराच्या पाण्यात गेली, तिथली माणसं आता पुनर्वसन वसाहतींमधून येतात.

(दृश्य : पहाट, होळी पेटते)

होळी पहाटे पेटते. काठीनंतर मग आणखी कितीतरी गावांच्या होळ्या, गावागावांचे दिवस वेगळे. एकमेकांच्या होळीला जाता यावं म्हणून ही वाटणी. हेच बुध्या, हेच ढोल उद्या दुसऱ्या गावात असतील.