घरचं लोशन आणि त्यातलं पाणी

(खानापूर तालुक्यात एका महिला मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात झालेलं व्याख्यान, थोडं आवरून.)

अक्का, वहिनी, मैत्रिणींनो, नमस्कार.

पौषातली आपल्याकडची थंडी तुम्हाला सांगायला नको. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं भिंतींना ओल सुटते, कपडे वाळता वाळत नाहीत. आणि दिवाळी होऊन महिना झाला की त्याच घरातल्या बायकांच्या टाचा फुटायला लागतात, पिंढरीवर नख ओढलं की पांढरी रेघ उठते. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत स्निग्धांश भरलेला असतो. तो शाबूत असेल तर आतलं पाणी आत राहतं. कढत पाणी आणि साबण नेमका तोच धुऊन नेतात. निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायकांचे हात बघा. तंबाखूचा वास जावा म्हणून त्या पुन्हापुन्हा साबण लावतात आणि बोटांची टोकं उलत राहतात.

यावर उपाय म्हणून घरी लोशन करायचं ठरवलं की सगळ्या तेलाची चर्चा करतात. नारळाचं घ्यायचं की बदामाचं, कुठल्या घाण्यावरचं घ्यायचं. माझं म्हणणं आहे, आधी पाण्याचा विचार करा. लोशनमध्ये बहुतेक भाग पाणीच असतं, म्हणून तर ते पातळ आणि हलकं लागतं. पण पाणी आलं की जंतू आले, बुरशी आली. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, काकडीचा रस, सगळं पाणीच आहे. बाटलीला वास यायच्या कितीतरी आधी त्यात जंतू वाढलेले असतात, आणि ते आपण फुटलेल्या कातडीवर चोळतो. ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून घातली की टिकतं, असं खूप जणी सांगतात. ती गोळी तेल खवट होणं लांबवते, जंतूंना अडवत नाही. हळद, कडुनिंब यांच्यावरही त्या कामासाठी भरवसा ठेवू नका.

म्हणून मी सांगते, मलम बिनपाण्याचं करा आणि पाणी अंगावरचंच वापरा. अंघोळ झाली की पंचानं नुसतं टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच मलम लावायचं. म्हणजे ते पाणी खाली अडकून राहतं.

आपल्या भागात यासाठी फार मोलाची वस्तू आहे ती म्हणजे भिरंडेल, कोकमाच्या बियांचं थिजलेलं तेल. उन्हाळ्यात आमसुलं करताना बिया उरतात. त्या उन्हात खडखडीत वाळवायच्या, फोडून आतला गर काढायचा, कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. तेल वर तरंगतं, गार झालं की थिजतं. ते गोळा करून मुठीत दाबून वळायचं. फिकट, टणक गोळा होतो, नख रुतवलं तर त्याचा भुगा पडतो. पण तोच तुकडा तळहातावर धरून घासला की हळूहळू विरघळतो, कारण तो अंगाच्या उष्णतेच्या जरा वरच वितळतो. आपल्या आज्ज्या भिरंडेल दिव्यावर तापवून टाचेच्या भेगेत सोडत होत्या. आजच्या बायका त्या बिया फेकून देतात आणि दुकानातून परदेशी शिया बटर आणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नुसतं भिरंडेल मात्र अंगभर पसरत नाही. म्हणून 100 ग्रॅम मलमाला 70 ग्रॅम करडईचं तेल, 20 ग्रॅम भिरंडेल आणि 10 ग्रॅम मधमाशीचं मेण घ्या. करडई अशासाठी, की तिच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि कातडीला आपला स्निग्धांश बांधायला तेच लागतं. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात वाटी ठेवा, थेट आचेवर नको. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, ते आधी घाला, मग भिरंडेल, शेवटी तेल. डबी पूर्ण कोरडी हवी. ओलं बोट आत घातलंत तर बिनपाण्याचं मलम करून काय उपयोग? चमच्याच्या दांड्यानं काढत जा. तेल खवट झाल्याचा वास आला की टाकून द्या.

दुसरी जुनी गोष्ट, शंभर वेळा धुतलेलं तूप, आयुर्वेदातलं शतधौत घृत. तांब्याच्या परातीत साजूक तूप घ्यायचं, त्यावर गार पाणी घालून तळहातानं गोल गोल फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवीन घालायचं. सुरुवातीला तूप रवाळ आणि पिवळं असतं. धुता धुता रवा मोडतो, रंग पांढरा होतो, तुपाचा वास उतरतो आणि लोण्याहून मऊ मलई हाताला लागते. हात भरून येतात, म्हणून दोघी-तिघींनी पाळीपाळीनं बसावं. थोडं पाणी या तुपात धरलेलं राहतं, म्हणून थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा.

आणि ज्यांना लोशनच हवंय त्यांनी ते रीतसर करावं. नुसत्या मेणानं तेल-पाणी एकत्र राहत नाही, त्याला इमल्सिफाइंग वॅक्स लागतं. 72 ग्रॅम उकळलेलं पाणी आणि 3 ग्रॅम ग्लिसरीन एका भांड्यात, 15 ग्रॅम तेल, 3 ग्रॅम भिरंडेल, 6 ग्रॅम वॅक्स दुसऱ्यात. दोन्ही 70 अंशांपर्यंत तापवून एकत्र करायचं आणि कोमट होईपर्यंत घोटायचं. 40 अंशांच्या खाली आलं की कॉस्मेटिकसाठी मिळणारं फिनॉक्सीइथेनॉलसारखं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतूंना अडवणारं द्रव्य, घालायचं, 1 ग्रॅमच्या वर नाही. ते नको असेल तर लोशन फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा. लिंबू पिळू नका. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते. काहीही नवीन केलं की कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा, मगच अंगाला.

एका वहिनींनी चिठ्ठी पाठवलीय, बचत गटातर्फे हे विकता येईल का? घरच्यांना, शेजारणींना द्यायला हरकत नाही. विकायचं म्हटलं की सौंदर्यप्रसाधन तयार करण्याचा परवाना लागतो. तो काढायचा असेल तर गटानं एकत्र बसून काढा आणि सुरुवात मलमापासून करा, लोशनपासून नको.

मागून एक काकू विचारतायत, साखरेचा त्रास आहे, भेगेतून रक्त येतं, भिरंडेल गरम करून सोडू का? नाही काकू. साखरेच्या त्रासात पायाची जाणीव कमी होऊ शकते, मग चटका कळत नाही. रोज रात्री पाय बघा, सुनेला बघायला सांगा, आणि ही भेग या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. ती भरली की मग मलम लावा, गार असतानाच, आणि बोटांच्या बेचक्यांत नको.