युरोपावरचा ऑक्सिजन

श्रोतेहो, नमस्कार. गुरूचा युरोपा हा चंद्र आपल्या चंद्राहून थोडा लहान आणि सगळा बर्फाने मढलेला. त्याच्याभोवती ऑक्सिजनचं वातावरण आहे, हे हबल दुर्बिणीमुळे १९९५ मध्ये कळलं. आपल्या हवेपेक्षा ते अब्जावधी पटींनी विरळ आहे. पण झाडाचं पानही नसलेल्या या जागी ऑक्सिजन आला कुठून?

त्यासाठी शेजारच्या आयोकडे, म्हणजे गुरूच्याच दुसऱ्या एका चंद्राकडे, जावं लागतं. आयोवरच्या ज्वालामुखींमुळे सेकंदाला सुमारे एक टन वायू अवकाशात निसटतो. त्यातल्या गंधक आणि ऑक्सिजनच्या अणूंचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, होतात; त्यांचा आणि सुट्या इलेक्ट्रॉनांचा मिळून प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, बनतो. गुरू दहा तासांत स्वतःभोवती फिरतो आणि आपल्या चुंबकक्षेत्राबरोबर हा प्लाझ्माही फिरवतो. युरोपाला मात्र एका प्रदक्षिणेला साडेतीन दिवस लागतात. त्यामुळे प्लाझ्मा त्याला मागून गाठतो आणि सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगाने आदळतो. युरोपाची मागची बाजू तांबूस दिसते, ती याच माऱ्यामुळे.

आता एकच आयन बघा. तो उणे १७० अंशांच्या बर्फात घुसतो. पाण्याचे काही रेणू उडतात, काही फुटतात. उडालेलं पाणी जिथे पडेल तिथे पुन्हा गोठतं. हायड्रोजन हलका, तो निसटून जातो. ऑक्सिजन मात्र एवढ्या थंडीतही गोठत नाही आणि सहज निसटतही नाही. बर्फावर टेकायचं, पुन्हा उडायचं, असं करत तो साठत जातो. मग प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन त्याच्यावर आदळतात, त्याला विद्युतभार देतात आणि गुरूचं चुंबकक्षेत्र त्याला ओढून नेतं. देणारा प्लाझ्मा, नेणाराही प्लाझ्माच!

२९ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं जुनो यान युरोपापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून गेलं. त्याने मोजलेल्या हायड्रोजनवरून हिशेब निघाला, की बर्फात सेकंदाला सुमारे बारा किलो ऑक्सिजन तयार होतो. आधीचे अंदाज काही किलोंपासून हजार किलोंच्या पुढेपर्यंत होते. एवढ्या ऑक्सिजनवर दहा लाख माणसं दिवसभर श्वास घेतील, अशा बातम्या तेव्हा आल्या. हिशेब बरोबर आहे, पण मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. युरोपाच्या बर्फाखाली पाण्याचा समुद्र असावा, असं मानतात; खरा प्रश्न त्याचा आहे. तिथे जीव असलेच, तर वरून झिरपणारा ऑक्सिजन त्यांच्या कामाचा. वरचं उत्पन्नच बेताचं, तर खाली किती पोचणार?

युरोपा क्लिपर हे नासाचं यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं आहे, एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. त्याच्यावर प्लाझ्मा मोजणारं उपकरण आहे आणि या विरळ वायूतले रेणू ओळखणारंही. दोन्हींच्या नोंदी एकत्र लावल्या, की या बारा किलोंचा पडताळा घेता येईल.